‘अयामा’ : एका कुराणीय शब्दाचा न्याय, आचार आणि कादंबरी यांतील प्रवास

१. झाशी : धर्मवचनाची कक्षा

२० नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांनी आपल्या कुळातील आनंदराव या मुलाला दत्तक घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. दत्तविधान शास्त्रोक्त झाले होते. मुलाचे नाव दामोदरराव ठेवण्यात आले होते. डलहौसीच्या सरकारने १८५४ मध्ये संस्थान खालसा करताना हा विधी नाकारला नाही. दत्तकपुत्राला पित्याचे श्राद्ध करण्याचा आणि त्याच्या खाजगी मालमत्तेचा अधिकार आहे, पण राज्याचा वारसा त्याला मिळणार नाही, असा भेद सरकारने केला. शास्त्रवचनाला अशा रीतीने घरात आणि देवघरात जागा मिळाली, राजवाड्यात मिळाली नाही. या प्रकरणाचा राजकीय इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. धर्मग्रंथाच्या अर्थनिर्णयाच्या दृष्टीने पाहिले, तर त्यातील मर्म वेगळे ठरते. वचनाचा अर्थ कोणता, या प्रश्नाआधी वचनाची कक्षा कोणती, हा प्रश्न सत्तेने सोडवून टाकलेला होता.

मुस्लिम समाजापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा होता. वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेनुसार वारसा, विवाह, जातिव्यवहार आणि धार्मिक संस्था यांविषयी हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लागू करावयाचे ठरले. पुढे ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचे चार्ल्स हॅमिल्टनकृत इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये निघाले आणि न्यायाधीशाच्या मेजावर जिवंत मुफ्तीच्या जागी छापील ग्रंथ येण्याची सुरुवात झाली. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडविधान अमलात आल्यावर फौजदारी क्षेत्रातून फिकह पूर्णपणे हद्दपार झाले. १८६४ च्या कायद्याने न्यायालयातील काझी आणि पंडित ही पदेही संपुष्टात आली. उरला तो ‘वैयक्तिक कायदा’. कुराणाच्या नैतिक व विधिविषयक आयतींचा अर्थ लावण्याचे काम तेव्हापासून न्यायालयाबाहेर अधिक होऊ लागले. ते मदरशात आणि छापखान्यात चालले, तसेच कादंबरीतही चालले, ही गोष्ट मात्र क्वचितच ध्यानात घेतली जाते.

हा शेवटचा मार्ग ज्यांच्या लेखनात सर्वांत स्पष्ट दिसतो ते डेप्युटी नझीर अहमद (मृत्यू १९१२) हे १८६० च्या दशकाच्या अखेरीस जालौन जिल्ह्यात डेप्युटी कलेक्टर होते. जालौन हे एके काळी गोविंदपंत बुंदेल्यांच्या घराण्याचे मराठी संस्थान होते. वारसाअभावी ते १८४० मध्ये, म्हणजे झाशीच्या चौदा वर्षे आधी, खालसा झाले होते आणि १८५७ च्या उठावानंतर झाशी विभागात मोडत होते. मराठी राज्यांच्या अवशेषांवर इंग्रजी महसूलव्यवस्था उभी राहत असलेल्या या मुलखात नझीर अहमद यांच्या लेखनाचा आरंभकाळ गेला. आपल्या मुलींच्या वाचनासाठी लिहिलेली त्यांची ‘मिरात-उल-उरूस’ ही कथा १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वायव्य प्रांताच्या सरकारचे पारितोषिक तिला मिळाले.

२. ताझीर : भाषांतरातील फिकह

नझीर अहमद यांचा पिंड घडला तो मशिदीत आणि महाविद्यालयात. बिजनौर जिल्ह्यातील मौलवी घराण्यातला हा मुलगा दिल्लीच्या औरंगाबादी मशिदीत शिकला आणि तेथून दिल्ली कॉलेजच्या अरबी विभागात गेला. इंग्रजी त्यांनी पुढे नोकरीत असताना आत्मसात केली. भारतीय दंडविधानाच्या उर्दू भाषांतराच्या कामात त्यांचा प्रमुख वाटा होता. हे भाषांतर ‘ताझीरात-ए-हिंद’ या नावाने ओळखले जाते.

हे नाव बारकाईने पाहण्यासारखे आहे. फिकहमध्ये शिक्षांचे तीन वर्ग मानले जातात. ‘हद्द’ म्हणजे धर्मवचनाने निश्चित केलेली शिक्षा. ‘किसास’ म्हणजे इजा झालेल्या पक्षाच्या मागणीवर अवलंबून असलेला समान प्रतिशोध. आणि ‘ताझीर’ म्हणजे वचनात शिक्षा ठरवून दिलेली नसेल, तेथे शासकाने वा काझीने विवेकाने ठरवावयाची शिक्षा. इंग्रजी दंडविधानाने प्रत्यक्षात हद्द आणि किसास या दोन्ही वर्गांना निकालात काढले. परंतु नव्या कायद्याला ‘ताझीरात’ म्हटले गेले, तेव्हा तो वाचकाच्या परिचित चौकटीतील अशा कोपऱ्यात बसला, जेथे शासकाचा विवेक मुळातच मान्य होता. मराठीतील ‘दंडविधान’ या शब्दानेही असेच काहीसे साधले. धर्मशास्त्रात राजाचा ‘दंड’ आणि परिषदेने सांगावयाचे ‘प्रायश्चित्त’ हे दोन भिन्न प्रांत होते. नव्या कायद्याने पहिल्याचे नाव घेतले आणि दुसऱ्याला स्पर्श केला नाही. भाषांतरकाराने निवडलेली संज्ञा अशा वेळी अर्थनिर्णयाचेच काम करते.

कायद्याचे भाषांतर करणारा हा लेखक पुढे कुराणाचे भाषांतर करतो (१८९० च्या दशकात) आणि कुराण व हदीस यांतून हक्क व कर्तव्ये संकलित करणारा ‘अल-हुकूक वल-फराइझ’ (१९०६) हा ग्रंथ सिद्ध करतो. या दोन टोकांमध्ये त्याच्या कादंबऱ्या येतात. त्यांपैकी ‘फसाना-ए-मुब्तला’ (१८८५) आणि ‘अयामा’ (१८९१) या दोन कृतींत कुराणातील विधिवचनांचा अर्थ हाच कथेचा कणा आहे.

३. एक शब्द, एक क्रियारूप, दोन संप्रदाय

‘अयामा’ हे शीर्षक कुराणाच्या चोविसाव्या सूरेतील बत्तिसाव्या आयतीतून उचललेले आहे. तुमच्यातील जे जोडीदाराविना आहेत त्यांचे विवाह लावून द्या, असा त्या आयतीचा आशय आहे. ‘अयामा’ हे ‘अय्यिम’ या शब्दाचे अनेकवचन. अय्यिम म्हणजे जोडीदार नसलेली व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, पूर्वी विवाह झालेली असो वा नसो. शब्दाची ही व्याप्तीच फकीहांच्या वादाचे मूळ ठरली.

विवाहाच्या बाबतीत अय्यिम स्त्रीचा स्वतःवरील अधिकार तिच्या वलीपेक्षा, म्हणजे पालकापेक्षा, अधिक आहे अशा आशयाची एक हदीस आहे. हनफी पंथीयांनी तेथे अय्यिमचा व्यापक कोशार्थ धरला आणि कोणत्याही सज्ञान स्त्रीला स्वतःचा निकाह स्वतः करता येतो, असा निष्कर्ष काढला. शाफिईंनी त्याच हदीसमध्ये पुढे कुमारिकेचा वेगळा उल्लेख येतो याकडे बोट दाखवले. म्हणून येथे अय्यिम म्हणजे पूर्वविवाहिता, असा संकुचित अर्थ त्यांनी घेतला आणि निकाहाला वली अनिवार्य मानला. आयतीतील क्रियापदही असेच निर्णायक ठरले. ते प्रयोजक आहे. ‘विवाह करा’ असे ते म्हणत नाही, ‘विवाह लावून द्या’ असे म्हणते. आज्ञा वलीला उद्देशून आहे, तेव्हा वलीची भूमिका वचनातच गृहीत आहे, असा शाफिई युक्तिवाद आहे. दुसऱ्या सूरेतील २३२ व्या आयतीत घटस्फोटितांना विवाह करण्यापासून अडवू नका असे सांगितले आहे. तेथे विवाह करण्याची क्रिया स्त्रियांच्या नावे आहे म्हणून हनफी ती आयत आपल्या बाजूने वाचतात. अडवू नका असे ज्याला सांगायचे त्याच्या हाती काही अधिकार असलाच पाहिजे, म्हणून शाफिई तीच आयत आपल्या बाजूने वाचतात. उत्तर भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी, तर कोकणातील मुसलमान परंपरेने शाफिई आहेत. झाशी आणि रत्नागिरी यांच्यातील या भेदाचे बीज अशा रीतीने अरबी व्याकरणात आहे.

आज्ञार्थाचे बळ किती, हा आणखी एक प्रश्न. उसूल-ए-फिकह या शास्त्रात ‘अम्र’, म्हणजे आज्ञार्थी रूप, सामान्यतः बंधनकारकतेचे निदर्शक मानले जाते. संदर्भाने मात्र ते शिफारस किंवा केवळ अनुमती यांवर उतरू शकते. प्रस्तुत आयतीतील आज्ञा ही बहुसंख्य फकीहांच्या मते शिफारस आहे. मीमांसेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे ‘विधी’ आणि ‘अर्थवाद’ यांचा विवेक आठवल्याखेरीज राहणार नाही. दोन्ही परंपरांनी क्रियापदाच्या रूपावरून कर्तव्याचे स्वरूप ठरवण्याची सूक्ष्म यंत्रणा उभी केली आणि दोन्हींत नीती व विधी यांच्यातील सीमारेषा व्याकरणातून जाते.

४. रूढी विरुद्ध वचन : विधवेचा प्रश्न

नझीर अहमद यांच्या कादंबरीची नायिका आझादी बेगम ही इंग्रजी वळणाचा पिता आणि जुन्या वळणाची माता यांच्या ओढाताणीत वाढलेली मुलगी. तिचा विवाह एका मौलवीशी होतो, पती मरण पावतो आणि शरीफ घराण्यातील विधवेने पुनर्विवाह करू नये या संकेतात ती अडकते. तिच्या मनात पुनर्विवाहाची इच्छा आहे, लोकलाजेची भीतीही आहे. अखेरीस मृत्युशय्येवरून ती जमलेल्यांना आपली व्यथा सांगते आणि विधवांच्या निकाहाची निकड मांडते. धर्म अनुमती देतो, नव्हे शिफारस करतो. वैधव्याची इद्दत चार महिने दहा दिवसांत संपते. मग हा आजन्म कारावास कुणाच्या आज्ञेने, हा तिच्या कथेने उभा केलेला प्रश्न आहे.

शीर्षक ठेवतानाच लेखकाने एक अर्थनिर्णय केलेला आहे. स्त्रीपुरुष दोघांना कवेत घेणारा शब्द त्याने विधवांपुरता वापरला. फकीहांच्या काटेकोर दृष्टीने हा संकोच आहे, सामाजिक दृष्टीने नेम. असा वापर पूर्णपणे नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सय्यद अहमद बरेलवी यांनी आपल्या भावाच्या विधवेशी निकाह करून आणि शाह इस्माईल यांनी प्रचार करून विधवाविवाहाच्या लाजेवर आघात केला होता. विधवाविवाहाचा निषेध कुराणात नाही, तो उच्चकुलीनतेच्या कल्पनेतून आला आहे, ही त्यांची भूमिका. वचन आणि रूढी यांच्या संघर्षात रूढी हा प्रतिपक्ष आणि वचन हे शस्त्र होते.

त्याच शतकात मराठी समाजातील चित्र नेमके उलट आहे. विद्यासागरांनी १८५५ मध्ये पराशरस्मृतीतील पाच आपत्तींचा श्लोक पुढे केला; १८५६ मध्ये कायदा झाला. विष्णुशास्त्री पंडित आणि न्या. रानडे यांनी हा युक्तिवाद महाराष्ट्रात आणला आणि १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे त्यावर जाहीर शास्त्रार्थ झाला. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. तेथेही वादाचा एक पदर व्याकरणाचाच होता. श्लोकातील ‘पतौ’ हे सप्तमीचे रूप नियमबाह्य आहे, शुद्ध रूप ‘पत्यौ’ असे हवे. त्यामुळे तेथे ‘अपतौ’ वाचावे आणि केवळ वाङ्‌निश्चय झालेला वर समजावा, असे विरोधकांचे म्हणणे होते. शिवाय चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या टीकेने हे वचन अन्य युगांसाठीचे ठरवून कलियुगात वर्ज्य मानले होते. कलिवर्ज्याचे तत्त्व आणि कुराणमीमांसेतील ‘नस्ख’ यांची तुलना येथे उद्‌बोधक ठरते. दोन्ही ठिकाणी शब्द कायम राहतो आणि त्याचे बंधन थांबते. नस्खमध्ये मात्र हा अधिकार प्रेषिताच्या हयातीतील प्रकटीकरणालाच आहे, नंतरच्या टीकाकाराला नाही. कलिवर्ज्याने तो काळाला, पर्यायाने पंडितपरिषदेला, दिला.

वचनच वादग्रस्त ठरल्यावर मराठी कादंबरीने वचनाकडे जाण्याचा मार्ग फारसा धरला नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मध्ये विधवांची दैन्यावस्था दाखवून उत्तर ख्रिस्ती धर्मात शोधले आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली, म्हणजे ती ‘अयामा’ची समकालीनच होय. तिच्यातील यमूही स्वतःची कहाणी सांगते आणि मरण पावते. परंतु आपट्यांची यमू अनुभव सांगते. तिच्या तोंडी प्रमाणवचने नाहीत. आझादी बेगम अनुभवाच्या जोडीला वचन ठेवू शकते, कारण तिच्या परंपरेत वचन तिच्या बाजूला आहे. मराठी कादंबरीतील वास्तववादाच्या बळाचे एक कारण यात शोधता येईल: शास्त्रार्थ हरल्यावर साक्ष उरते. याउलट उर्दू कादंबरीतील उपदेशपरता, जिला समीक्षकांनी वारंवार दोष दिला, ती केवळ कलात्मक उणीव नाही. तिच्यात तफसीर आणि वाझ, म्हणजे प्रवचन, या प्रकारांचा वारसा काम करतो आहे.

५. वचन विरुद्ध वचन : बहुपत्नीत्व

बहुपत्नीत्वाच्या बाबतीत ही सोय नव्हती. चौथ्या सूरेच्या तिसऱ्या आयतीत चारपर्यंत विवाहांची अनुमती आहे आणि न्याय करता येणार नाही अशी भीती असल्यास एकच पत्नी करावी असे सांगितले आहे. त्याच सूरेची १२९ वी आयत म्हणते की, कितीही इच्छा असली तरी पत्नींमध्ये पूर्ण न्याय करणे तुम्हाला साधणार नाही. म्हणून एकीकडे पूर्णतः झुकू नका. पारंपरिक भाष्यकारांनी दोन ठिकाणच्या न्यायाचे अर्थ वेगळे केले. पहिला न्याय निर्वाह, निवास आणि सहवासाच्या पाळ्या यांचा, म्हणून शक्य आणि बंधनकारक. दुसरा अंतःकरणाच्या ओढीचा, म्हणून अशक्य आणि क्षम्य. अशा रीतीने अनुमती अबाधित राहिली. हैदराबाद संस्थानात अधिकारी असलेल्या चिराग अली यांनी १८८३ मध्ये मुंबईत छापलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दोन्ही आयती एकाच न्यायाविषयी आहेत असे मानले. अट अशक्य ठरली की अनुमतीही मावळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कुराण हा नागरी कायद्याचा संग्रह नाही, अशीही त्यांची धारणा होती.

१८७७ ते १८८४ या काळात नझीर अहमदही हैदराबादच्या सेवेत होते. तेथून परतल्यावर आलेल्या ‘फसाना-ए-मुब्तला’त त्यांनी हा वाद आरिफ आणि मुब्तला यांच्या संवादात गुंफला. मुब्तला घरी गैरत बेगम असताना हरियाली या गणिकेशी विवाह करतो आणि दोन्ही संसार धुळीला मिळतात. आरिफ अनुमती नाकारत नाही. तिची अट किती कठीण आहे हे दाखवतो. फकीहांनी क्षम्य ठरवलेली अंतःकरणाची ओढच कथेत सर्वनाशाला कारण होते. निर्वाह समान वाटता येतो, मन वाटता येत नाही, आणि मनाची ओढ अखेर निर्वाहातही उतरते. तफसीरने दोन न्यायांत जी भिंत घातली होती ती कथानकाने पाडली. चिराग अली यांनी तर्काने केलेले काम कादंबरीने परिणामांच्या चित्रणाने केले आणि कायद्याऐवजी नीतीच्या पातळीवर थांबून केले. अनुमत गोष्ट इष्टच असते असे नाही, हा फिकहलाच मान्य असलेला विवेक येथे कथेचा आधार आहे.

६. अधिकार कुणाचा?

या लेखनाचे सर्वांत लक्षणीय टीकाकार मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) हे होत. नझीर अहमद यांच्या दिल्लीच्या घरगुती बोलीतील, कंसात भर घालून प्रवाही केलेल्या कुराणभाषांतरातील दोष दाखवण्यासाठी त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. शाह रफीउद्दीन यांचे शब्दशः आणि शाह अब्दुल कादिर यांचे सुगम भाषांतर परंपरेने स्वीकारले होते. त्यापुढे जाऊन वाक्प्रचारांची सढळ पेरणी करणे त्यांना मान्य नव्हते. वाक्प्रचार आपल्याबरोबर दुसरा अर्थ घेऊन येतो आणि विधिवचनात अर्थ तसूभर सरकला तरी हुकूम बदलतो, ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. स्त्रियांसाठी लिहिलेल्या ‘बहिश्ती झेवर’मध्ये थानवींनी हानिकारक पुस्तकांची यादी दिली. नझीर अहमद यांच्या ज्या कथा तीत आहेत, त्यांत ‘अयामा’ही आहे.

येथे एक विसंगती दिसते. विधवेच्या निकाहाची लाज बाळगणे धर्मविरोधी आहे, हे थानवींनाही मान्य होते आणि त्याच ग्रंथात त्यांनी त्या रूढीचा निषेध केला. आयतीच्या अर्थाविषयी दोघांत मतभेद नव्हता. मतभेद होता तो अर्थ कुणी, कोणत्या प्रकारात आणि कोणत्या स्वरात सांगावा याविषयी. मसला सांगणारा आलिम वचन, प्रमाण आणि हुकूम अशा क्रमाने जातो; कादंबरीत हुकूम एखाद्या पात्राच्या तोंडी येतो आणि पात्र चुकू शकते, मरू शकते, वाचकाला आवडू किंवा नावडू शकते. वचनाला संशयाच्या वाऱ्यावर सोडणारा हा प्रकार आलिमाला धोक्याचा वाटला, यात नवल नाही. नझीर अहमद यांच्या ‘उम्महात-उल-उम्मा’ या पुस्तकाच्या प्रती पुढे जाळल्या गेल्या, तेव्हाही आक्षेपाचा रोख मुख्यतः प्रेषितपत्नींविषयीच्या सलगीच्या भाषेवर होता.

परंतु थानवींना केवळ स्थितिवादी ठरवणे चुकीचे होईल. पती बेपत्ता असलेल्या किंवा निर्वाह न मिळणाऱ्या स्त्रीला हनफी फिकहमध्ये सुटकेचा मार्ग अत्यंत अरुंद होता. काही स्त्रिया विवाहबंध तोडण्यासाठी धर्मत्याग करू लागल्या होत्या. १९३० च्या दशकाच्या आरंभी थानवींनी ‘अल-हीला अल-नाजिझा’ या ग्रंथात मालिकी पंथाचे मत स्वीकारून हा मार्ग रुंद केला आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याची भूमी त्यातून तयार झाली. आलिमाने पंथांतराच्या शास्त्रोक्त वाटेने जे साधले, ते कादंबरीकाराने सहानुभूतीच्या वाटेने साधू पाहिले होते.

७. उपसंहार

रूढी आणि वचन यांचा हा ताण मराठी मुलखालाही अपरिचित नव्हता. १८४७ मध्ये मुंबईत खोजा आणि मेमन स्त्रियांनी कुराणानुसार वारसाहक्क मागितला. तेव्हा न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी मुलींना वारसा न देणारी जातिरूढीच ग्राह्य धरली. १९३७ च्या शरियत कायद्याने पुढे पारडे फिरवले; तरी शेतजमीन त्यातून वगळलेलीच राहिली. इंदूरच्या शाहबानो खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या सूरेच्या २४१ व्या आयतीतील ‘मता’ या शब्दाचा अर्थ ठरवण्यासाठी अनेक भाषांतरे शेजारीशेजारी ठेवली. १९८६ च्या कायद्याने तो निर्णय बाजूला सारला आणि २००१ च्या डॅनियल लतिफी निकालाने त्याच कायद्याचा असा अन्वय लावला की इद्दतीच्या आत भविष्याचीही वाजवी तरतूद करणे पतीवर बंधनकारक ठरले.

झाशीच्या प्रकरणात सत्तेने वचनाची कक्षा ठरवली. शाहबानो प्रकरणात न्यायालयाने वचनाचा अर्थही ठरवला आणि क्षोभ उसळला तो मुख्यतः या दुसऱ्या कृतीवर. ‘अयामा’ या दोहोंच्या मधल्या काळातील कृती आहे. ज्या काळात काझीचे आसन गेले होते आणि संसदेचा कायदा अद्याप आला नव्हता, त्या काळात एका शब्दाचा अर्थ लावण्याचे काम एका मरणाऱ्या स्त्रीच्या मुखी सोपवले गेले. भारतीय कादंबरीच्या उगमाचा विचार करताना इंग्रजी नमुने आणि देशी आख्याने या दोन प्रवाहांबरोबर तिसराही हिशोबात घ्यावा लागेल. तो धर्मवचनाच्या अर्थनिर्णयाचा आहे, आणि तो उर्दूत वचनाला सोबत घेऊन, तर मराठीत वचनाशी फारकत घेऊन वाहिला.